धर्मानंद कोसंबी : सांखवाळ ते हार्वर्ड

आपल्या सोसायटीची अजिंठ्याची सहल बहुतेकांच्या लक्षात असेल. जळगावहून निघून दीड-दोन तासांत फर्दापूर, तिथून लेण्यांच्या बसने वर, आणि दुपारी खाली झाडाखाली बसून भरीत-पुरी. सतरा नंबरच्या लेण्यात गाइडने विश्वंतर राजपुत्राची गोष्ट सांगितली. मागेल त्याला मागेल ते देणारा हा राजपुत्र. त्याने राज्याचा हत्ती दिला म्हणून लोकांनी त्याला वनवासात पाठवलं. तिथे त्याने आपली दोन मुलं एका म्हाताऱ्या ब्राह्मणाला देऊन टाकली आणि शेवटी बायकोसुद्धा दिली. गोष्टीत पुढे सगळं परत मिळतं. पण आपल्या बी विंगमधल्या एका काकूंनी तिथेच गाइडला विचारलं की, ते दान करताना बायकोला कोणी विचारलं होतं का? सगळे हसले. गाइडही हसला आणि पुढच्या चित्राकडे वळला.

परतीच्या बसमध्ये विषय निघाला परदेशी जाण्याचा. तो हल्ली आपल्याकडे कुठूनही निघतो. कोणाचा मुलगा जर्मन भाषेचा क्लास लावून बसलाय, कोणाची मुलगी आयईएलटीएसची तयारी करतेय. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटने पार्किंगमधल्या काचा फुटायच्या. आज त्यातली किती मुलं इथे आहेत? पाच-सहा फ्लॅटमध्ये तर दोघंच म्हातारे आणि एक मोबाइल, ज्याच्यावर रात्री साडेनऊला नातवंडं दिसतात. बसमधली एक बारावीतली मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली की सर, बाहेर जायचं तर कोणता विषय घ्यावा? मी उभा जन्म धुळ्यात आणि जळगावात इतिहास शिकवला. व्हिसाचे नियम मला समजत नाहीत. त्या वेळी तिला मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. नंतर सेक्रेटरींनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटलं, उत्तर राहिलंय ते द्यावं. पण नियमांचं नाही, एका माणसाचं. त्या माणसाचं नाव धर्मानंद कोसंबी.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळ गावचा. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य. घरी नारळीची बागायत. आपल्या रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना वेगळं सांगायला नको की बाग म्हणजे काय असतं. पाणी, गडी, भाव, उधारी, आणि घरातला एक माणूस कायमचा त्यात अडकलेला. सांखवाळच्या घरात तो माणूस धर्मानंद झाले. शाळा जेमतेम झाली, तीही मराठी. इंग्रजी शिक्षणाचा संबंध आला नाही. पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न झालं, चिखलीच्या लाडांची मुलगी, बाळाबाई. म्हणजे विशीच्या आत शिक्षण संपलं, संसार सुरू झाला, बाग गळ्यात पडली. आजच्या करिअर मार्गदर्शकापुढे हा मुलगा नेऊन बसवला असता तर त्याने बायोडाटा उलटासुलटा करून पाहिला असता आणि दुसऱ्या पानाची वाट पाहिली असती.

एकच खोड होती, वाचण्याची. मिळेल ते मराठी पुस्तक, मिळेल ते मासिक. मुलांसाठी निघणारं बालबोध नावाचं मासिक त्या काळी मराठीत होतं. त्यात त्यांनी बुद्धाचं छोटंसं चरित्र वाचलं. साल साधारण १८९७. आणि तिथून या माणसाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली की हा बुद्ध आपल्याला मुळापासून समजला पाहिजे. त्या वेळी महाराष्ट्रात बुद्धाविषयी फार थोडं छापलेलं होतं, आणि बुद्धाची वचनं ज्या पाली भाषेत आहेत ती शिकवणारं आसपास कोणी नव्हतं. अजिंठ्याच्या भिंतींवर ज्याच्या पूर्वजन्मांच्या गोष्टी रंगवल्या आहेत त्याचे ग्रंथ वाचता येणारा माणूस त्या भिंतींच्या प्रदेशात शोधून सापडत नव्हता, अशी ती अवस्था.

१८९९ साली वडील गेले होते आणि थोरली मुलगी माणिक अगदी तान्ही होती. त्या वर्षाच्या शेवटी धर्मानंदांनी घर सोडलं. वय तेवीस.

इथे मी जरा थांबतो, कारण चरित्रं लिहिणारे इथे थांबत नाहीत. ते लगेच त्याग, ज्ञानतृष्णा वगैरे शब्दांवर जातात. मला मात्र सतरा नंबरच्या लेण्यातला काकूंचा प्रश्न आठवतो. बाळाबाईंच्या कडेवर तान्हं मूल, नवरा बुद्ध शोधायला गेलेला, तो कधी येईल हे कोणालाच माहीत नाही. गावात लोक काय म्हणत असतील याची कल्पना कोणीही बाई करू शकेल. धर्मानंदांनी स्वतः पुढे निवेदन नावाचं आत्मचरित्र लिहिलं, आणि त्यात स्वतःला फारसं सोडलेलं नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण बाळाबाईंनी आत्मचरित्र लिहिलेलं नाही.

धर्मानंद प्रथम पुण्याला गेले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे तेव्हाचे संस्कृतचे सगळ्यात मोठे विद्वान, त्यांना भेटले. पुण्यात संस्कृतचे धडे सुरू झाले. पण पुरेना. मग मजल-दरमजल करत, मध्ये ग्वाल्हेरला मुक्काम करून, काशीला. काशीत गरीब विद्यार्थी अन्नछत्रात जेवत आणि शास्त्र्यांकडे शिकत, तसेच हेही राहिले. काशीत प्लेगही होता. पायाखाली काही भक्कम नाही, हातात पैसा नाही, पण रोज व्याकरण. इथे त्यांचं संस्कृत पक्कं झालं, आणि पुढच्या सगळ्या इमारतीचा पाया तोच ठरला, कारण पाली ही संस्कृतच्या जवळची भाषा. जो पाणिनीच्या व्याकरणात घासून निघाला त्याला पाली परकी वाटत नाही.

१९०२ च्या सुरुवातीला नेपाळ. बुद्ध जन्मला त्या बाजूला बुद्धाचा धर्म जिवंत असेल, असा साधा हिशेब. हिशेब चुकला. काठमांडूत त्यांना शिकण्यासारखं काही मिळालं नाही. मग बुद्धगयेला आले. तिथे कळलं की हा अभ्यास खरा करायचा तर सिंहलद्वीप गाठलं पाहिजे, म्हणजे आजची श्रीलंका. कलकत्त्याला महाबोधी सभेच्या लोकांनी मदत केली आणि त्याच वर्षी हे कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात दाखल झाले. तिथले आचार्य सुमंगल हे जगभर नाव असलेले पाली पंडित. त्यांच्या हाताखाली धर्मानंदांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पाली शिकायला बसले. तिथलं जेवण मानवेना, तब्येत बिघडली. हॉस्टेलच्या मेसबद्दल घरी फोन करणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायला हरकत नाही. पुढे मद्रास आणि तिथून ब्रह्मदेश. ब्रह्मदेशात भिक्षू झाले, ध्यान शिकले, आणखी ग्रंथ वाचले.

या चार-पाच वर्षांत त्यांच्या हाती नेमकं काय आलं, ते नीट पाहण्यासारखं आहे. पालीला स्वतःची लिपी नाही. सिंहली लोक ती सिंहली लिपीत लिहितात, ब्रह्मदेशातले लोक बर्मी लिपीत. तेव्हा नुसती भाषा येऊन भागत नाही, त्या त्या देशातल्या ताडपत्रावरचं अक्षर वाचता आलं पाहिजे, आणि एका देशाच्या पोथीत एक शब्द अन् दुसऱ्या देशाच्या पोथीत वेगळा शब्द असेल तर खरा कोणता हे ठरवता आलं पाहिजे. हे काम करायला संस्कृत पाहिजे, पाली पाहिजे, लिप्या पाहिजेत, आणि भिक्षूंच्या परंपरेत त्या वाक्याचा अर्थ कसा लावतात हेही माहीत पाहिजे. युरोपातल्या पंडितांना पहिल्या तीन गोष्टी कमी-जास्त येत होत्या. चौथी पुस्तकात मिळत नव्हती. सांखवाळच्या बागायतदाराकडे चारही गोष्टी एकत्र आल्या. त्या त्याने परदेशी नोकरीसाठी गोळा केल्या नव्हत्या. ज्या गावी जितकं मिळालं तितकं घेतलं आणि तिथला गुरू संपला की पुढच्या गुरूकडे निघाला, एवढंच त्याचं वेळापत्रक.

आणि या मालाला गिऱ्हाईक होतं, हे त्याच्या गावीही नव्हतं. लंडनमध्ये १८८१ सालीच पाली ग्रंथ छापणारी संस्था निघाली होती. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने १८९१ पासून पौर्वात्य ग्रंथांची माला सुरू केली होती. ती सुरू करणाऱ्या दोघांपैकी एक हेन्री क्लार्क वॉरेन. लहानपणी पडून याच्या पाठीच्या कण्याला दुखापत झाली, जन्मभर वेदना. तशा अवस्थेत त्याने पालीचा अभ्यास केला आणि विसुद्धिमग्ग हा ग्रंथ संपादायला घेतला. पाचव्या शतकात बुद्धघोष आचार्यांनी सिंहलद्वीपात लिहिलेला हा ग्रंथ म्हणजे बौद्ध साधनेचा जणू कोशच. काम अर्धं राहिलं आणि १८९९ च्या जानेवारीत वॉरेन वारला, वय अवघं चव्वेचाळीस. त्याच १८९९ च्या शेवटी इकडे गोव्यात एक तरुण घर सोडून निघाला. दोघांना एकमेकांचं नावही माहीत नव्हतं. पुढे तेच अर्धं काम या तरुणाकडे आलं.

पण मध्ये दहा वर्षं आहेत, आणि माझ्या मते धर्मानंदांच्या आयुष्यातला खरा निर्णय त्याच काळातला आहे.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले. भिक्षूची वस्त्रं उतरवली. घराशी पुन्हा संबंध जुळला, आणि ३१ जुलै १९०७ ला मुलगा झाला, दामोदर. कलकत्त्यात हरिनाथ डे यांच्यासारखे बहुभाषा-पंडित त्यांच्याकडे आकर्षित झाले. नुकत्याच निघालेल्या नॅशनल कॉलेजात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचं काम मिळालं. विद्यापीठाचे सर्वेसर्वा आशुतोष मुखर्जी त्यांची किंमत जाणून होते. ज्याच्याकडे मॅट्रिकचं सर्टिफिकेट नाही तो विद्यापीठात शिकवतोय, चांगला पगार घेतोय, बायकोमुलांची सोय लागतेय. कोणीही म्हणेल, झालं, आता गप्प बसावं.

तर यांनी ती नोकरी सोडली. कारण असं की बंगालात पाली शिकवणारे होते, महाराष्ट्रात कोणी नव्हतं, आणि आपण जे शिकलो ते आपल्या भाषेतल्या माणसांना मिळावं असं त्यांना वाटत होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा पन्नास रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावी राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहून द्यावं. कलकत्त्याच्या पगारापुढे पन्नास रुपये म्हणजे काहीच नाही. हे पन्नास घेऊन ते इकडे आले. बडोद्याला दिलेल्या व्याख्यानांचं पुस्तक झालं, बुद्ध, धर्म आणि संघ. आजही ते वाचायला घेतलं तर दोन बैठकांत संपतं, इतकं सोपं मराठी आहे. अवघड विषय घरगुती भाषेत सांगण्याची हातोटी त्यांच्याकडे होती, आणि ती बहुधा बालबोध वाचूनच आली असावी, हे आपलं माझं म्हणणं.

गंमत पाहा, कलकत्ता सोडून महाराष्ट्रात आले म्हणूनच त्यांना अमेरिका मिळाली. हार्वर्डचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जेम्स वुड्स योगदर्शनाच्या अभ्यासासाठी इकडे आले होते. त्यांना पाली शिकवणारा माणूस हवा होता. त्यांनी धर्मानंदांकडे धडे घेतले आणि घरी परतल्यावर वॉरेनचं अडलेलं काम याच माणसाकडून होईल हे ओळखून त्यांना बोलावून घेतलं. १९१० मध्ये धर्मानंद इंग्लंडमार्गे अमेरिकेला गेले. इंग्रजी शाळेत कधी न शिकलेला माणूस. ती भाषा त्यांनी मोठेपणी, कामापुरती, आपल्या हिमतीवर शिकून घेतली होती.

इथे आपल्या खानदेशातल्या एका माणसाची आठवण होते. इतिहासाचार्य राजवाडे. त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधनं गोळा करत गावोगाव पायपीट केली आणि त्यांचा शेवट धुळ्यात झाला, ३१ डिसेंबर १९२६ रोजी. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात आहे. मी धुळ्यात नोकरीला असताना दर वर्षी वर्गाची मुलं तिथे न्यायचो. राजवाडे मराठीतच लिहिणार या बाण्याचे, आणि साहेबाची वाहवा मिळावी अशी त्यांना इच्छाच नव्हती. धर्मानंदांनी तसा बाणा धरला नाही, गरज पडली तिथे इंग्रजी वापरली. पण पुस्तकं लिहिली ती मुख्यतः मराठीत, काही गुजरातीत. दोघांचीही पोथी शोधण्याची रीत मात्र एकच, पायी.

हार्वर्डमधलं पहिलं काम सुखाचं झालं नाही. ग्रंथमालेचे संपादक चार्ल्स लॅनमन हे मोठे संस्कृतज्ञ, वॉरेनचे मित्र. धर्मानंदांचा हात त्या ग्रंथावर पुष्कळ फिरला होता, पण ग्रंथावर नाव कोणाचं आणि कोणत्या नात्याने यायचं, यावरून दोघांचं पटेना. जे बाहेर नोकरी करून आलेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. काम तुमचं, स्लाइडवर नाव साहेबाचं. धर्मानंदांनी वाद फार वाढवला नाही. काम तसंच ठेवलं आणि १९१२ मध्ये परत आले. अमेरिका सोडली. अशी सोडता आली, कारण ती मिळावी म्हणून ते शिकलेच नव्हते.

परत आल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात सहा वर्षं पाली शिकवली. मुंबई विद्यापीठात पाली हा विषय सुरू होण्यामागे डॉ. भांडारकर आणि धर्मानंद या दोघांचे प्रयत्न होते. त्यांच्या विद्यार्थ्यांची नावं पाहिली की या सहा वर्षांचं मोल कळतं. पु. वि. बापट त्यांच्याकडे शिकले, पुढे चिनी भाषा शिकून पाली आणि चिनी ग्रंथांची तुलना केली आणि हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. आणि दुसरे विद्यार्थी चिं. वि. जोशी. होय, चिमणराव आणि गुंड्याभाऊवालेच. बडोद्याला ते पालीचे प्राध्यापक होते. चिमणरावाच्या फजित्या वाचून लोटपोट होणाऱ्या आपल्या पिढीला हे ठाऊक नसतं की तो लेखक दिवसा वर्गात त्रिपिटक शिकवत असे.

१९१८ मध्ये हार्वर्डहून पुन्हा बोलावणं आलं. या वेळी थोरली माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना ते बरोबर घेऊन गेले. बाळाबाई मागे राहिल्या. माणिकने तिथल्या रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी घेतली. १८९९ मध्ये जी तान्ही टाकून बाप निघून गेला होता ती हीच. त्याने तिचं देणं असं फेडलं, असं म्हणता येईल का? माझं मत अर्धं हो असं आहे. मुलीला त्या काळात समुद्रापार नेऊन शिकवणं ही सोपी गोष्ट नव्हती, आणि ते त्यांनी केलं. पण देणं दोघींचं होतं.

दामोदर म्हणजे पुढचे डी. डी. कोसंबी. ते तिथल्या शाळेत शिकले, १९२९ मध्ये हार्वर्डचे पदवीधर झाले, गणिती म्हणून नाव कमावलं, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावर असं पुस्तक लिहिलं की आम्हा इतिहासवाल्यांना त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. बापाने अन्नछत्रात जेवून शिकलेलं संस्कृत मुलाच्या पिढीत पुन्हा वर आलं. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती या गणितज्ञाने काढली.

धर्मानंद १९२२ मध्ये परतले ते गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात, अहमदाबादला. निवेदन हे आत्मचरित्र १९२४ चं. १९२६-२७ मध्ये तिसऱ्यांदा हार्वर्डला जाऊन त्यांनी विसुद्धिमग्गाचं काम पुरं केलं. ज्या कामावरून पंधरा वर्षांपूर्वी उठून आले होते, तेच. राग गिळून नव्हे, ग्रंथासाठी. १९२९ मध्ये रशियाला, लेनिनग्राडच्या विद्वानांकडे. बौद्ध तर्कशास्त्राचे मोठे पंडित श्चेरबात्स्की तिथे होते. तिथली थंडी मानवली नाही, परतावं लागलं. येऊन पाहतात तर मिठाचा सत्याग्रह सुरू. साठीकडे झुकलेला हा प्राध्यापक सत्याग्रहात उतरला आणि तुरुंगात गेला. सुटल्यावर चौथ्यांदा हार्वर्ड. पुढे काशी, मग मुंबईत परळला गिरणी कामगारांच्या वस्तीत १९३७ मध्ये बहुजन विहार. अमेरिका, रशिया आणि परळ, तिन्ही ठिकाणी तोच विषय, फक्त ऐकणारे वेगळे.

एकाच माणसाला दोन्ही महासत्तांकडून विद्वान म्हणून बोलावणं यावं आणि त्याच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची साधी पदवी नसावी, हे आज शक्य नाही, मी मान्य करतो. बारावीतल्या त्या मुलीने यावरून कॉलेज सोडू नये. तिच्या आईने मला धरलं तर मी काय सांगू? पण तिने विषय कोणता घ्यावा असं विचारलं होतं. धर्मानंदांनी बाहेर काय चालतं ते बघून विषय धरला असता तर १८९९ साली पाली कोणीही सुचवली नसती. कायदा सुचवला असता. इंग्रजी सुचवली असती. एका गोष्टीचा तळ गाठायला जे जे लागलं ते ते त्यांनी शिकून घेतलं, आधी व्याकरण, मग लिप्या, मग परक्या भाषा, मग परक्यांच्या घरी राहण्याची सवय, आणि हे सगळं शिकून झाल्यावर ते साध्या मराठीत सांगणं. जर्मन क्लासला जाणाऱ्या मुलांनी क्लास जरूर करावा. पण जर्मन बोलून तिथे सांगणार काय, हे त्यांच्याजवळ आहे का, एवढंच मी त्यांना विचारतो. विचारलं की मुलं मोबाइलमध्ये बघतात.

अखेरच्या काळात प्रकृती ढासळली. आपल्याकडून आता कोणाची सेवा होत नाही, उलट लोकांना आपली करावी लागते, तर शरीर ठेवायचं कशाला, असा त्यांचा विचार झाला. पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्मावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं, ते ते गेल्यावर प्रसिद्ध झालं. अन्नत्याग करण्याचा त्यांचा एक प्रयत्न गांधीजींनी समजूत घालून थांबवला होता. दुसऱ्या वेळी सेवाग्राम आश्रमात ४ जून १९४७ रोजी उपवासातच त्यांनी देह ठेवला. स्वातंत्र्य दोन महिन्यांवर होतं. या शेवटाबद्दल आपल्यात दोन मतं होतील आणि व्हावीत. घरच्यांना तेव्हा काय वाटलं असेल, हे मला लिहिता येत नाही.

हार्वर्डच्या मालेतला विसुद्धिमग्ग १९५० साली छापून आला, एक्केचाळिसावा खंड म्हणून. वॉरेनला जाऊन एक्कावन्न वर्षं झाली होती, धर्मानंदांना तीन. पहिल्या पानावर दोघांची नावं आहेत. संपादक वॉरेन, आणि सुधारून सिद्ध करणारे धर्मानंद कोसंबी.

आणि हो, सोसायटीची पुढची सहल चाळीसगावजवळच्या पितळखोऱ्याला न्यावी अशी माझी सूचना आहे. अजिंठ्याइतकीच जुनी बौद्ध लेणी आहेत, गर्दी कमी, उतरायला पायऱ्या बऱ्याच. बी विंगच्या काकूंनी जरूर यावं, प्रश्न विचारायला. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं सेक्रेटरींकडे द्यावीत.